आमचा रस्ता कोणाच्या डोळ्यांनी पाहायचा?

हल्ली सभासंमेलनांतून एक वाक्य वारंवार कानावर येते. 'भारतीय रस्तेच बेशिस्त, म्हणून येथे यंत्राचा डोळा चालत नाही.' बोलणारा बहुधा शहरातला असतो. त्याच्या पाठीमागे पडद्यावर रंगीत चौकटी नाचत असतात, मोटारीभोवती निळी, माणसाभोवती लाल. आणि श्रोते भक्तिभावाने माना डोलावीत असतात. मला या वाक्याचा राग येतो. सणासुदीच्या दिवसांत राग पोटात ठेवून वर चिवडा खाल्ला तर तो बाधतो, असे आमच्या घरातली वडीलधारी मंडळी म्हणत. म्हणून तो येथे मोकळा करीत आहे. वाचकांनी फराळ चालू ठेवावा.

मी मेडशीचा. अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूर मागे पडले, की रानातून बाहेर येणाऱ्या सडकेवर आमचे गाव लागते. १९९८ साली वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही अकोल्याचे वाशिमचे झालो. सडक मात्र होती तीच राहिली. पुढे ती हिंगोलीवरून खाली हैदराबादकडे जाते, म्हणून तिच्यावर काय चालत नाही ते विचारावे. या सडकेच्या कडेला माझे रेडिओ-टेलिव्हिजन दुरुस्तीचे दुकान आहे. हयात चित्रात गेली, म्हणजे चित्राच्या पाठीमागे! पुढून चित्र सगळेच पाहतात. मी ते पेटीचे झाकण काढून मागून पाहत आलो. तेव्हा चित्र म्हणजे काय आणि ते कसे फसते, याबद्दल दोन शब्द बोलायचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

यंत्राला मोटार दिसत नाही, माणूस दिसत नाही, बैलही दिसत नाही. त्याला फक्त आकडे दिसतात. अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालतात तशी कॅमेरा समोरच्या दृश्याची ठिपक्यांत वाटणी करतो, आणि प्रत्येक ठिपक्याला ० पासून २५५ पर्यंत एक आकडा देतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. रंगीत चित्र असेल तर एकेका ठिपक्याला असे तीन आकडे. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा ही रांगोळी पुसायची आणि नव्याने घालायची. आकडा कोठे एकदम चढला वा उतरला, की यंत्र समजते, येथे कशाची तरी कड आहे. अशा कडा जुळवून आकार बनतो. पण त्या आकाराला नाव देणे हे यंत्राला उपजत येत नाही. ते कोणी तरी शिकवावे लागते. हजारो चित्रे घेऊन माणसे बसतात आणि एकेका आकाराभोवती रेघ ओढून लिहितात : ही मोटार, हा पादचारी, हे झाड. लहान मुलाच्या अंकलिपीत 'ब बैलाचा' असतो ना, तसेच. अंकलिपीत बैलच नसला तर पोराने बैल ओळखायचा कोठून?

माझे भांडण आहे ते या अंकलिपीशी. मोटारीच्या डोळ्यांना शिकवण्यासाठी जगभर नावाजलेला 'सिटीस्केप्स' नावाचा चित्रसंग्रह २०१६ साली प्रसिद्ध झाला. पन्नास शहरांतली चित्रे, बहुतेक सगळी जर्मनीतली. बारकाईने रेघा ओढलेली पाच हजार. संग्रह उत्तम, त्यांच्या शहरांसाठी त्यांनी केला, त्यात त्यांचा काय दोष? परंतु त्यात रिक्षा नाही. रस्ता संपून फुटपाथ कोठे सुरू होतो ते त्यात काटेकोर दिसते, कारण तेथे ते काटेकोर असतेच. आमच्याकडे डांबर संपते, मग खडी, मग माती, मग बाभळीचे खोड, आणि या चारही जागांवरून वाहने जातात. 'रस्त्याची कड' या शब्दाचा अर्थच निराळा.

हे आपल्या लोकांना कळले नाही असे नाही. हैदराबादच्या आयआयआयटी या संस्थेने इंटेलच्या साह्याने २०१८ साली भारतीय रस्त्यांचा चित्रसंग्रह बाहेर काढला. दहा हजार चित्रे, चौतीस प्रकारचे आकार. त्यात रिक्षाला स्वतःची जागा मिळाली, जनावरांना मिळाली. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की डांबराच्या बाहेरच्या पण गाडी घालता येईल अशा जमिनीलाही त्यांनी वेगळे नाव दिले. ज्या कोणी ते ठरवले त्याने खेड्यातून गाडी चालवली असली पाहिजे! पण ही चित्रे हैदराबाद-बंगळूर आणि त्यांच्या आसपासची. चांगली सुरुवात झाली, आणि सुरुवातीलाच टाळ्या वाजवून मंडळी उठली असे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

कारण आमच्या सडकेची अंकलिपी अजून निघायची आहे. ऐन दिवाळीच्या मागेपुढे येथे सोयाबीनचा हंगाम असतो. दिवेलागणीला पोत्यांनी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरमागे निघते. तिला मागे दिवा नाही. असला तर मातीने लिंपलेला. तिचा रंग मुळात कोणता होता ते तिच्या मालकालाही आठवत नाही. वर दोन गडी झोपलेले, पायाखाली ताडपत्री लोंबलेली. या वस्तूचे चित्र यंत्राने पाहिले तर त्याला काय दिसावे? ० ते २५५ च्या मापात सगळा ऐवज वीस-पंचवीसच्या आत, आणि पाठीमागचा अंधारही तेवढाच. कड सापडायची कशी? त्यात समोरून कोणी ट्रकवाला डिपर न देता आला, की कॅमेऱ्याचा डोळा माणसाच्या आधी दिपतो. पुढे चार पावलांवर कोणी अर्ध्या रस्त्यात धान्य वाळत घातलेले असते आणि ते तुडवू नये म्हणून भोवती दगड मांडलेले असतात. रात्री रानातून रोही येतात. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. नावाने गाय, अंगाने घोडा, आणि डोक्याने कोण ते ब्रह्मदेव जाणे! ती रस्ता ओलांडताना अर्ध्यावर उभी राहते आणि विचार करते.

हे विनोदाने लिहितो आहे, पण गोष्ट विनोदाची नाही. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने मोठी जनावरे ओळखणारे यंत्र मोटारीत बसवले. त्यांच्या रानातल्या सांबराहून मोठ्या मूसवर ते शिकलेले. ते ऑस्ट्रेलियात नेले, तेव्हा कांगारूने त्याला बनवले. २०१७ साली कंपनीच्या माणसांनीच हे उघड सांगितले. जनावराचे पाय जमिनीला कोठे टेकले आहेत त्यावरून यंत्र अंतर काढीत होते, आणि कांगारू तर उडी मारतो! हवेत असला की यंत्राला दूर वाटे, खाली आला की एकदम जवळ. आता लक्षात घ्या, 'ऑस्ट्रेलियाचे कांगारू बेशिस्त आहेत' असे कोणी म्हटले नाही. यंत्राला पुन्हा शाळेत घालू म्हणाले. मग आमच्या बैलाने, आमच्या ट्रॉलीने आणि आमच्या रोह्याने असे काय पाप केले, की त्यांनाच शाळेत घालायची भाषा व्हावी?

आकडे पाहा. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. त्यांत शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची आणि एकोणीस-वीस पायी चालणारी. म्हणजे बंद मोटारीत बसलेला नव्हे, तर उघड्यावरचा माणूस मरतो. यंत्राचा डोळा आणायचा तर या माणसासाठी आणा. डोक्यावर भारा घेतलेली बाई भाऱ्यासकट यंत्राला बाई वाटते की झुडूप वाटते, हे तपासून मग आणा.

'म्हणजे तुम्ही यंत्राच्या विरुद्ध!' असे येथे कोणी तरी म्हणणार. मुळीच नाही. चालकाशिवाय धावणाऱ्या मोटारी येथे येऊ देणार नाही, लोकांच्या पोटावर पाय येईल, असे नागपूरच्याच नितीन गडकऱ्यांनी २०१७ साली मंत्री म्हणून सांगितले होते आणि पुढेही सांगितले. तो वाद त्यांनी मिटवला. प्रश्न आहे तो चालकाच्या शेजारी बसणाऱ्या यंत्राचा. आणि त्याचा चांगला प्रयोगही नागपुरातच झालेला आहे. २०२१ साली 'आय-रस्ते' नावाने तो सुरू झाला. महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसवले, धडक होणारसे वाटले की चालकाला इशारा. हैदराबादची आयआयआयटी, इंटेल, दिल्लीची केंद्रीय रस्ता संशोधन संस्था, महिंद्र, महापालिका असे सगळे एकत्र आले होते. मला त्यातली एक युक्ती फार शहाणपणाची वाटली. इशारे कोठे कोठे वाजले त्याचा नकाशा करायचा, आणि जेथे अजून माणूस मेलेला नाही पण यंत्र वारंवार ओरडते ती जागा आधीच दुरुस्त करायची. एरवी आपल्याकडे खांब वाकडा आहे हे कळायला त्याला कोणी तरी जाऊन आदळावे लागते. माझी तक्रार एवढीच, की हा शहाणपणा शहर बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरतो. मेडशीपर्यंत येत नाही.

येथे येते ते निराळेच. माझ्या दुकानासमोर चहाला थांबणारे ट्रकचालक आहेत. एकाच्या नव्या गाडीत मालकाने इशाऱ्याचे यंत्र बसवून घेतले होते. कोणत्या मालकाने ते सोडून द्या. तो मला म्हणाला, "भाऊ, हे काऊन वाजून राह्यलं तेच समजत नाही. गाय आली तरी तेच पीं, पट्टा नाही दिसला तरी तेच पीं. मी तर कापूस कोंबला त्याच्या तोंडात." बिनचूक तांत्रिक अहवाल! रस्त्याचा पट्टा सोडला की ओरडणारे यंत्र पांढऱ्या रेघा पाहून चालते. आणि रेघा नसलेल्या, पुसलेल्या, शेणाने आणि चिखलाने झाकलेल्या रस्त्यावर ते एक तर मुके होते, नाही तर वेडे होते. शंभर वेळा उगाच ओरडलेल्या यंत्राचे एकशे एकाव्या वेळी कोण ऐकतो? आपल्याकडे ती लांडगा आला रे आलाची गोष्ट पोरांनासुद्धा पाठ आहे, कारखानदारांना मात्र कोणी सांगितलेली दिसत नाही. शिवाय इशारा मराठीत, हिंदीत, तेलुगूत का बोलू नये? 'उजवीकडे माणूस' असे म्हणायला कितीसा खर्च येतो?

२०२५ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने मसुदा काढला, की नव्या बसगाड्यांना आणि मालमोटारींना आपोआप ब्रेक लावणारे, पट्टा सोडल्याचे सांगणारे आणि चालकाच्या डुलकीचा इशारा देणारे यंत्र असावे. हेतू चांगला आहे. आमच्याच वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस त्या महामार्गावर उलटून पेटली, आणि पंचवीस माणसे जळाली. त्या बातमीनंतर आमच्याकडे कित्येक दिवस रात्रीच्या बसचे तिकीट काढताना बाया देवाला हात जोडत होत्या. तेव्हा कोणी उपाय सांगत असेल तर तो ऐकलाच पाहिजे.

पण हा डुलकी पाहणारा कॅमेरा काय करतो ते समजून घ्या. तो चालकाच्या पापण्या मोजतो. डोळा शंभरातले ऐंशी भाग मिटलेला असा किती वेळ राहिला, यावरून झोप किती ते ठरवतो. मोजमाप शास्त्रशुद्ध आहे, माझी हरकत नाही. माझा प्रश्न आहे पुढचा. पापणी मिटली हे यंत्राने सांगितले. ती का मिटली हे कोण सांगणार? मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ सालचा होता, तो २०२५ पर्यंत चालला. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये असा त्यात सर्वसाधारण नियम होता. साठ वर्षांहून जास्त काळ तो पुस्तकात झोपला होता, त्याच्या पापण्या मोजायला कोणी कॅमेरा लावला नाही. मला भीती वाटते ती ही, की चालकाच्या डुलकीचे चित्र मालकाच्या मोबाइलवर जाईल, तो त्याचा पगार कापेल, आणि तोच मालक त्याला परतीच्या फेरीला तसाच पिटाळील. हे चित्र निघणारच असेल तर त्याच्या शेजारी गाडी किती तास चालली त्याचा आकडाही छापला जावा, आणि दोन्ही सरकारदरबारी जावेत. मग पाहू कॅमेऱ्याचा उत्साह किती मालकांत टिकतो!

आता जरा माझ्या धंद्याकडे येतो, कारण मोटारीतल्या चित्राची आणि घरातल्या टेलिव्हिजनच्या चित्राची आई एकच. आज आपण दिवाळी पहाटेचा कार्यक्रम पाहता तो डिजिटल चित्राचा. दूरदर्शनचे जुने अॅनालॉग प्रक्षेपक प्रसार भारतीने २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद केले. छपरावर चढून "आला का? आता आला का?" असे ओरडत अँटेना फिरवण्याचा खेळही संपला. ही डिजिटल चित्रे इतक्या थोड्या जागेत मावतात कशी? तर नासिर अहमद नावाचे मूळचे बंगळूरचे गृहस्थ अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक होते. चित्र आठ ठिपके लांब, आठ ठिपके रुंद अशा चौकटींत तोडायचे, आणि चौसष्ट आकड्यांऐवजी त्यांतले चढउतार मांडायचे, या रीतीला उपयोगी पडणारे गणित त्यांना सुचले. संथ चढउतार ठेवायचे. बारीक, डोळ्याला न जाणवणारे टाकून द्यायचे. चाळणीतून धान्य चाळावे तसे. १९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले. नकार आला. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता! गृहस्थाने काम सोडले नाही. नटराजन हा विद्यार्थी आणि के. आर. राव हे स्नेही यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत त्यांनी तो लहानसा निबंध छापला. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म', म्हणजे आपल्या शाळेतली तीच कोज्या. आज मोबाइलमधला फोटो आणि छत्रीवरून येणारे चित्र त्या कोज्येच्या खांद्यावर बसून येते. आपल्या मुलांना हे नाव शाळेत का सांगत नाहीत, हा आणखी एक रागाचा विषय. तो पुढच्या दिवाळीला.

पण या चाळणीची एक खोड लक्षात ठेवली पाहिजे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे माणसाच्या डोळ्यावरून ठरवलेले आहे. गाणाऱ्या बाईंच्या शालूच्या काठातले दोन धागे गेले तर आपल्याला कळत नाही, कळायचे कारणही नाही. परंतु रस्त्याचे चित्र पाहणारा माणूस नसून यंत्र आहे. संधिप्रकाशातल्या त्या मातकट ट्रॉलीची जी पुसट कड, ती अशा बारीक-सारीकातच मोडते. चित्र जास्त दाबले की पहिला बळी तिचा. गाडीतले यंत्र पुष्कळदा कच्चे चित्रच पाहते हे खरे. पण शिकवणीसाठी साठवून ठेवलेली चित्रे, दूर पाठवलेली चित्रे दाबलेली असतात. करमणुकीच्या चाळणीने बियाणे चाळू नये, एवढी साधी गोष्ट आहे.

आणि चित्र घेऊन खेड्यात कसे जायचे, याचा धडा आपल्याच देशात गिरवून झालेला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टेलिव्हिजन दाखवला गेला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या! त्या प्रयोगाचे एक सूत्रधार आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, ही मला अजून लागून राहिलेली बोच. पण त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी पीज गावी लहानसा प्रक्षेपक लावून गावकऱ्यांनाच कॅमेऱ्यापुढे आणले. त्यांची भाषा, त्यांची भांडणे, त्यांचेच प्रश्न. युनेस्कोने त्याला बक्षीस दिले. ती माणसे खेड्यात थांबून विचारीत, तुम्हाला काय दिसायला पाहिजे? आताचा कॅमेरा आमच्या अंगावरून ताशी शंभरच्या वेगाने जातो आणि पुढच्या नाक्यावर दंडाची चिठ्ठी फाडतो. दंडासाठी नंबराची पाटी वाचायला मात्र यंत्राला चांगले येते बरे! तेथे धूळ आड येत नाही, चिखल आड येत नाही. बिनदिव्याची ट्रॉली दिसत नाही, पण तिच्यावर आदळलेल्या मोटारीचा नंबर दिसतो.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ सालापासूनची वाहन संशोधनाची संस्था आहे, एआरएआय. देशातल्या गाड्या तेथे पारखल्या जातात. अशा संस्थांना माझे सांगणे आहे, की नव्या डोळ्यांची परीक्षा गुळगुळीत धावपट्टीवर रबरी बाहुले उभे करून जरूर घ्या, पण तीवरच थांबू नका. विदर्भातली, मराठवाड्यातली शंभर-दोनशे गावे घ्या. चारही ऋतूंतली, पहाटेची, तिन्हीसांजेची, पावसातली चित्रे काढा. त्यांवर रेघा ओढायला आमचीच पोरे बसवा; ट्रॉली कोणती आणि वखर कोणता हे त्यांना विचारावे लागत नाही, आणि पदवी घेऊन रिकामी बसलेली पोरे येथे कमी नाहीत. ही चित्रे सरकारी पैशाने निघाली तर ती सर्वांना खुली असावीत. एखाद्या कंपनीच्या तिजोरीत आमचा रस्ता कुलूपबंद पडला, असे होऊ नये. चित्रांतले चेहरे आणि नंबर मात्र आधी पुसा. रस्ता शिकवायला माणसाचे नाव लागत नाही. आणि तोवर, यंत्र यायच्या आधी, प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी चिकटवा. तिला संशोधन लागत नाही, आणि कॅमेऱ्यालाही ती लख्ख दिसते.

यायचे असेल त्यांनी लवकर यावे. सोयाबीन आता संपत आले आहे. ट्रॉल्या फार तर आणखी आठ-पंधरा दिवस चालतील. मग कापूस सुरू होईल. त्याच्या गाड्या पांढऱ्या असतात आणि चांगल्या दिसतात.